बोस्टनची लॅटिन शाळा आणि रहिवासाचा हक्क

बोस्टन शहराच्या गांवसभेचें जें सर्वांत जुनें दप्तर उपलब्ध आहे, त्यांत इ. स. १६३५ सालच्या दुसऱ्या महिन्याच्या तेराव्या दिवसाखालीं एक लहानशी नोंद आहे. फिलेमन पॉर्मॉर्ट नांवाच्या बंधूनें आपल्या येथील मुलांस शिकविण्यासाठीं पंतोजी व्हावें, अशी त्यास विनंती करण्याचें ठरलें, एवढाच तिचा आशय. शुहूर सन व राज्याभिषेक शक यांच्या घोटाळ्यांतून गेलेल्या वाचकांस या मितीचें नवल वाटणार नाहीं. प्युरिटन लोक महिन्यांचीं पडून गेलेलीं रोमन नांवें टाळीत आणि मार्च हा पहिला महिना धरून नुसते आंकडे घालीत; तेव्हां दुसरा महिना म्हणजे एप्रिल. जुन्या ज्यूलियन गणनेची ही १३ एप्रिल आजच्या गणनेनें २३ एप्रिल होते, आणि त्याच दिवशीं बोस्टनच्या लॅटिन शाळेचा जन्म झाला असें मानतात. हार्वर्ड कॉलेजाची स्थापना त्यानंतरची, १६३६ ची. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत जुनी सार्वजनिक शाळा ती हीच. सॅम्युएल ॲडॅम्स व जॉन हॅन्कॉक हे तिचे विद्यार्थी. बेंजामिन फ्रँक्लिन हाही तींत कांहीं दिवस होता, पण त्याचें शिक्षण तेथें पुरें झालें नाहीं.

ही शाळा पुढें प्रवेशपरीक्षेची शाळा झाली. तिच्या थोड्या जागांवर हक्क कोणाचा, हा वाद न्यायालयांत अनेकदां गेला, आणि त्यांतला अलीकडचा तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन डिसेंबर २०२४ मध्यें संपला. या तंट्याकडे पाहणाऱ्यास सहज असें वाटतें कीं, परीक्षेचा गुणानुक्रम हा शाळेचा पूर्वापार शिरस्ता, आणि राहत्या जागेवरून जागा वांटणें ही अलीकडे निघालेली युक्ति. दप्तर उलट सांगतें. रहिवास हाच तेथें मूळचा हक्क होय; परीक्षा ही मागाहून आलेली. मात्र रहिवास या एकाच शब्दानें चार शतकांत तीन निरनिराळीं कामें केलीं आहेत, आणि तीं वेगळीं न ओळखल्यामुळें वादांत बराच गोंधळ होतो. तेवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम मूळ नोंद. तिच्यांत मुलांस एकच विशेषण लावलेलें आहे: तीं 'आपल्या येथील' असावींत. त्यांची बुद्धि, त्यांच्या बापाची ऐपत, यांचा उल्लेख नाहीं. हीं पानें बोस्टनच्या दप्तर-आयुक्तांनीं १८७७ सालीं आपल्या दुसऱ्या अहवालांत छापून काढलीं. पेशवे दप्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं ४५ खंडांत प्रसिद्ध केले, त्या जातीचाच तो उद्योग होय. त्या छापील पानांवरून 'आपल्या येथील' म्हणजे कोण, याचाही उलगडा होतो. १६३६ सालीं गांवसभेनें असा नियम केला कीं, नेमलेल्या कारभाऱ्यांच्या परवानगीवांचून कोणाही गांवकऱ्यानें परक्यास आपल्या घरीं चौदा दिवसांहून अधिक ठेवूं नये. नुसतें येऊन राहिल्यानें माणूस तेथला होत नसे. गांवानें त्यास आपला म्हणावें लागे. आपल्याकडील मिरासदार व उपरी यांतला भेद ज्यांनीं जुन्या पाहणीपत्रकांत व महजरांत पाहिला आहे, त्यांस ही मर्यादा अपरिचित नाहीं. फरक इतकाच कीं, मिरास जमिनीला चिकटलेली असे, आणि बोस्टनचा रहिवास गांवसभेच्या मान्यतेला.

शाळेच्या खर्चाची व्यवस्थाही याच धोरणाची आहे. ऑगस्ट १६३६ मध्यें गांवांतील सुखवस्तु मंडळींनीं पंतोजीच्या निर्वाहासाठीं वर्गणी केली. तिची यादी दप्तरांत असून गव्हर्नर हेन्री व्हेन व जॉन विन्थ्रॉप यांच्या नांवावर प्रत्येकीं दहा पौंड लिहिलेले आहेत. त्या वेळीं पंतोजी म्हणून डॅनियल मॉड याचें नांव येतें. पॉर्मॉर्ट हा पुढें धर्ममताच्या भांडणांत जॉन व्हीलराइट याच्या पक्षास मिळाला व त्याच्या मागोमाग एक्झेटर येथें निघून गेला. मग जानेवारी १६४२ मध्यें (त्यांच्या लेखीं हें अजून १६४१ च चाललें होतें) बंदरांतील डीअर नांवाचें बेट गांवाच्या शाळेच्या खर्चाकडे लावून देण्यांत आलें. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर शाळेस बेट इनाम मिळालें. वर्गणी गांवाची, बेट गांवाचें, तेव्हां शाळाही गांवच्या मुलांची, असा हा सरळ हिशेब होता. १६४७ सालच्या वसाहतीच्या कायद्यानें पन्नास घरांच्या गांवानें लिहिणें-वाचणें शिकविणारा आणि शंभर घरांच्या गांवानें विश्वविद्यालयाची तयारी करून घेणारी व्याकरणशाळा ठेवावी असें ठरविलें. त्यांतही माप घरांचेंच आहे. हें रहिवासाचें पहिलें काम: तो हक्काचा आधार होता.

पुढचीं दीडशें वर्षें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फारशीं बोलकीं नाहींत. इझिकिएल चीव्हर हा १६७० पासून १७०८ सालीं मरेपर्यंत शाळेचा मुख्य होता, आणि त्या काळांत शाळेची कीर्ति झाली. लॅटिन व ग्रीक शिकून हार्वर्डला जाण्याची इच्छा व सवड असलेले थोडे, त्यामुळें जागांसाठीं झुंबड उडण्याचें कारण पडत नसे. परंतु गांवचे सगळेच रहिवासी 'आपले' नव्हते. मुली या शाळेंत नव्हत्या. १७८९ च्या नव्या शिक्षणव्यवस्थेंतसुद्धां वाचन-लेखनाच्या शाळांत त्यांना फक्त एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच जागा होती. कृष्णवर्णीयांची तक्रार १७८७ सालच्या एका अर्जांत नमूद आहे. प्रिन्स हॉल व त्याच्या सोबत्यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळास कळविलें कीं, आम्ही इतरांबरोबर कर भरतों, पण गांवच्या मोफत शाळांचा लाभ आमच्या मुलांस होत नाहीं. हा अर्ज महत्त्वाचा आहे. त्यांत दयेची याचना नसून १६३५ च्याच हिशेबाची मागणी आहे: गांवांत राहतों, गांवाचा भार उचलतों, म्हणून शाळा आमचीही आहे. अर्ज निष्फळ ठरला, आणि १७९८ सालीं कृष्णवर्णीय मंडळींना आपली शाळा एका खासगी घरांत उघडावी लागली.

त्यानंतर रहिवासाचें दुसरें काम सुरू झालें. बेंजामिन रॉबर्ट्स या कृष्णवर्णीय मुद्रकाची लहान मुलगी सारा हिला घराजवळच्या प्राथमिक शाळेंत घेण्याचें नाकारण्यांत आलें. कृष्णवर्णीयांसाठीं राखलेल्या शाळेस जातांना तिला वाटेंत गोऱ्या मुलांच्या पांच शाळा लागत. रॉबर्ट्सनें शहरावर फिर्याद केली. त्याचे वकील चार्ल्स सम्नर, जे पुढें सेनेटर झाले, आणि रॉबर्ट मॉरिस हे होते. १८५० सालीं मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनीं फिर्याद फेटाळली: शाळासमितीनें वेगळी शाळा ठेवली व ती तितकीच चांगली असली, तर समतेचा भंग होत नाहीं. १८५५ च्या कायद्यानें मॅसॅच्युसेट्सपुरती ही वाट बंद केली. पण शॉ यांचा निर्णय मात्र नाहींसा झाला नाहीं. १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आगगाडींतील वेगळ्या डब्यांच्या प्रसिद्ध प्रकरणांत त्याचा आधार घेतला, आणि ती विचारसरणी शाळांपुरती १९५४ पर्यंत जिवंत राहिली. रॉबर्ट्सच्या फिर्यादींत शहराचा रहिवास कोणी अमान्य केला नव्हता. वाद होता तो शहराच्या आंत, कोणत्या गल्लींतून कोणत्या शाळेस जावयाचें याचा. हक्क देणारी वस्तु आतां वांटणी करणारी झाली.

लॅटिन शाळेपुरतें पाहतां या वांटणीचें अत्यंत स्वच्छ उदाहरण मुलींचें आहे. १८७७ सालीं मुलींना मुलांच्या शाळेंत घ्यावें अशी मागणी झाली. ती मान्य न करतां शहरानें मुलींसाठीं निराळी लॅटिन शाळा काढली व फेब्रुवारी १८७८ मध्यें ती सुरू झाली. मुलींना लॅटिन मिळालें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. पण दोन शाळांच्या दोन इमारती होत्या, आणि मुलींच्या शाळेंत जागा कमी होत्या. परीक्षा दोघांची एकच. तेव्हां १९७० सालच्या प्रवेशांत मुलग्यांना १२० गुण पुरले व मुलींना १३३ लागले. त्याच शहरांतील, कदाचित् त्याच घरांतील भाऊ आंत आणि अधिक गुण मिळविलेली बहीण बाहेर, असा प्रकार झाला. १९७२ सालीं संघराज्याच्या न्यायालयानें हा भेद बेकायदा ठरविला. १९७१ च्या राज्याच्या कायद्यानें तो तसाही टिकला नसता. त्याच सालीं मुलींनीं जुन्या शाळेंत पाऊल ठेवलें. गुणानुक्रमाचे कैवारी या प्रकरणाचा उल्लेख फारसा करीत नाहींत, हें आश्चर्य आहे. परीक्षेचा आंकडा कितीही निःपक्षपाती असला तरी तो किती जागांना लावावयाचा हें आधींच कोणी तरी ठरविलेलें असतें, हें यापेक्षां अधिक स्पष्टपणें दाखविणारा कागद मला माहीत नाहीं.

१९७४ सालीं दोन निर्णय झाले, आणि दोन्हींचा परिणाम या शाळेवर झाला. २१ जून रोजीं न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनीं बोस्टनच्या शाळासमितीनें जाणूनबुजून वर्णभेद चालविल्याचें ठरविलें. त्यांतून निघालेल्या योजनेनें परीक्षेच्या तिन्ही शाळांच्या नव्या तुकड्यांत किमान ३५ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक वंशाचे असावेत असें बंधन घातलें. २५ जुलै रोजीं डेट्रॉइटच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, उपनगरांनीं स्वतः दोष केल्याचें सिद्ध झाल्यावांचून शहराच्या शाळांच्या दुरुस्तीसाठीं त्यांस वेठीस धरतां येणार नाहीं. म्हणजे शहराची वेस ही न्यायाचीही वेस झाली. बोस्टनमधील गोरीं कुटुंबें वेशीबाहेर राहावयास गेलीं. त्यांच्या मुलांचा हिशेब शहराच्या टक्केवारींतून गळाला. शहरांतील कांहीं मुलें १९६६ पासून एका स्वेच्छेच्या योजनेखालीं उपनगरांच्या शाळांत जात होतीं, तो दरवाजा मात्र उघडा राहिला. उलट दिशेनें, बाहेरच्या मुलास लॅटिन शाळेंत येण्याची वाट नव्हती. तेथें रहिवासाची अट शाबूत होती, आणि तिच्यासाठीं भाडेपट्टे व बिलें दाखवावीं लागतात.

३५ टक्क्यांचें बंधन न्यायालयाच्या हुकुमाची गरज संपल्यावरही शाळासमितीनें आपखुशीनें चालू ठेवलें. १९९५ सालीं एका मुलीच्या बापानें त्याविरुद्ध दावा आणला. ज्यांनीं पूर्वीं तें बंधन घातलें त्याच गॅरिटी यांच्यापुढें तो चालला, आणि १९९६ मध्यें त्यांनींच मुलीला शाळेंत घेण्याचा हुकूम केला. शाळासमितीनें बंधन सोडून मधला मार्ग काढला: निम्म्या जागा निव्वळ गुणानुक्रमानें, उरलेल्या निम्म्या पात्र उमेदवारांतील वर्णांच्या प्रमाणानें. १९९७ सालीं नवव्या इयत्तेच्या ९० जागा होत्या. त्यांतल्या ४५ गुणानुक्रमानें भरल्या. बाकीच्या ४५ पैकीं १३ कृष्णवर्णीयांस, १८ गोऱ्यांस, ९ आशियाइयांस व ५ स्पॅनिशभाषक वंशाच्यांस मिळाल्या. असे आंकडे पाहिले म्हणजे जुन्या खर्चपत्रकांतील वांटणी आठवते. १९ नोव्हेंबर १९९८ रोजीं अपील न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं, तिसऱ्याचें मत विरुद्ध असतां, ही रीत रद्द केली. त्यानंतर वीस वर्षें शाळेंतील गुण व लेखी परीक्षा यांच्या बेरजेवर शहरभर एकच यादी लागत असे.

या वीस वर्षांस जे गुणानुक्रमाचा शुद्ध काळ म्हणतात त्यांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. ती यादी बोस्टनच्या रहिवाशांचीच होती. वेशीबाहेरील हुशार मुलाला तींत स्थान नव्हतें. आणि त्या परीक्षेची तयारी खासगी शिकवणीनें करतां येत असे, ती शिकवणी सर्व वस्त्यांतून सारखी मिळत नव्हती. दुसऱ्या बाजूस हेंही खरें कीं, या शाळेनें अनेक पिढ्या गरीब व नवागत लोकांच्या मुलांस केवळ अभ्यासाच्या बळावर वर नेलें. आशियाई कुटुंबांना यादी बदलण्याची धास्ती वाटली ती या अनुभवामुळें. तिला मत्सर म्हणून उडवून देणें योग्य नाहीं.

२०२० सालच्या साथींत परीक्षा घेणें अवघड झालें, आणि रहिवासाचें तिसरें काम पुढें आलें. २०२१-२२ या एका वर्षापुरती योजना अशी ठरली: २० टक्के जागा शहरभरच्या यादीनें शाळेंतील गुणांवर, आणि ८० टक्के जागा टपालविभागांनुसार. प्रत्येक विभागाला तेथील शालेय वयाच्या मुलांच्या प्रमाणांत जागा. त्या दहा फेऱ्यांत भरावयाच्या. आणि प्रत्येक फेरींत ज्या विभागांतील कुटुंबांचें मध्यम उत्पन्न सर्वांत कमी, त्याचा क्रम आधीं. ज्या मुलांस घरच नाहीं, किंवा जीं सरकारी संगोपनांत आहेत, त्यांच्यासाठीं एक स्वतंत्र विभाग कल्पिला होता. आतां रहिवास हा हक्काचा आधार नव्हता, वांटणीची भिंतही नव्हता. तो मुलाच्या परिस्थितीचा पुरावा झाला. उमेदवाराच्या घरचें उत्पन्न विचारावयाचें नाहीं, वर्ण विचारावयाचा नाहीं, पत्ता विचारावयाचा.

पुरावा म्हणून पत्ता कितपत विश्वसनीय? टपालाचे विभाग पत्रें वांटण्याच्या सोयीसाठीं आंखलेले असतात. एकाच विभागांत श्रीमंत वाडे व गरिबांच्या चाळी दोन्ही सांपडतात, आणि मध्यम उत्पन्नाचा आंकडा दोहोंना झांकून टाकतो. माझ्या मतें योजनेचा खरा दोष हा होय, विभागवारी हा नव्हे. तो दोष शाळासमितीच्याही ध्यानांत आला असावा. कारण जुलै २०२१ मध्यें पुढील वर्षांसाठीं जी रीत ठरली तींत टपालविभाग सोडून जनगणनेचे लहान तुकडे घेतले व त्यांच्या परिस्थितीवरून शहराचे आठ गट पाडले. शिवाय बेघर, संगोपनांतील व सरकारी घरांत राहणाऱ्या मुलांस पंधरा, आणि जेथें गरीब विद्यार्थ्यांचें प्रमाण मोठें आहे अशा शाळांतील मुलांस दहा गुण अधिक मिळावेत असें ठरलें.

एका वर्षाच्या त्या योजनेविरुद्ध गोऱ्या व आशियाई पालकांच्या एका संघानें दावा केला. परीक्षेच्या तिन्ही शाळांच्या मिळून प्रवेशांत गोऱ्यांचें प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आणि आशियाइयांचें २१ वरून १८ वर आलें होतें. एप्रिल २०२१ मध्यें न्यायाधीश विल्यम यंग यांनीं योजना उचलून धरली. पण प्रकरण तेथें थांबलें नाहीं, आणि जुने कागद गोळा करणाऱ्यांनीं पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. ऑक्टोबर २०२० च्या ज्या सभेंत योजना मंजूर झाली, तींत अध्यक्षानें आशियाई नांवांची थट्टा केल्याचें ऐकूं आलें व त्यास राजीनामा द्यावा लागला. त्या सभेच्या वेळीं दोघा सभासदांनीं एकमेकांस दूरध्वनीवरून पाठविलेले खासगी संदेश मात्र शहरानें मागणीनुसार दिलेल्या कागदांतून गाळले गेले होते. ते जून २०२१ मध्यें वृत्तपत्रांतून बाहेर आले. त्यांत वेस्ट रॉक्सबरी या भागांतील गोऱ्यांविषयीं, त्या भागाच्या टोपणनांवानें, तिरस्कार व्यक्त झाला होता. दोघांनीं पदें सोडलीं. योजनेच्या कागदावर पत्ता उत्पन्नाचा पुरावा होता. तिला मत देणाऱ्यांच्या खासगी बोलण्यांत तोच पत्ता वर्णाचें दुसरें नांव झाला होता.

न्यायाधीश यंग यांनीं प्रकरण पुन्हां तपासलें. संदेश वर्णद्वेषाचे आहेत व ते दडवणें गैर झालें, असें त्यांनीं बोलून दाखविलें. तरीही योजनेचा परिणाम अन्यायाचा झाला असें सिद्ध होत नाहीं म्हणून दाद नाकारली. १९ डिसेंबर २०२३ रोजीं अपील न्यायालयानें तोच निर्णय कायम केला. त्याचें मुख्य कारण असें: शहरांतील शालेय वयाच्या मुलांत गोरे सुमारे १६ व आशियाई सुमारे ७ टक्के; नव्या योजनेंतही दोघांस त्याहून पुष्कळ अधिक वांटा मिळाला, मग नुकसान कोणतें? ९ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अपील दाखल करून घेण्याचें नाकारलें. न्यायमूर्ति अलिटो यांनीं विरुद्ध मत लिहिलें व न्यायमूर्ति थॉमस यांनीं त्यास संमति दिली.

अपील न्यायालयाचें माप शहराची लोकवस्ती, विरुद्ध मताचें माप आदल्या वर्षाचे प्रवेश. दोहोंत तडजोड होण्यासारखी नाहीं, कारण दोन्ही निरनिराळ्या जागीं पाया धरतात. लोकवस्तीचें माप १६३५ च्या नोंदीस अधिक जवळ आहे, हें कबूल केलें पाहिजे: शाळा गांवाची, तेव्हां गांव जसें आहे तशी ती असावी. पण त्या नोंदींत जागा कमी पडतील ही कल्पना नव्हती, आणि बेट गांवाचें म्हणतांना गांवांतील कोणा वस्तीचा विटाळही नव्हता. ते गाळलेले संदेश आतां न्यायालयीन निर्णयांत नोंदले गेले आहेत. शाळेचा इतिहास पुढें लिहिणाऱ्यास ते शाळासमितीच्या कागदांत न शोधतां तेथें शोधावे लागतील.